मागचाच आकडा

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसताच मोजा अशा अवस्थेत तो पलंगाच्या कडेवर बसला होता, आणि फोनवर आई सांगत होती, "ते मला सांगून गेलेत, घर सांभाळ म्हणून. मी कुठे यायची नाही." आवाज चढलेला नव्हता. उद्या दूध अर्धा लिटर कमी टाका असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं. पण त्याचा हात नाडीवरच थांबला. ते वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. ओळखीचं म्हणजे त्यानेच केलेलं होतं. आपण कधीतरी घाईत ठोकून दिलेलं स्टूल दुसऱ्याच्या घरी दिसावं आणि त्यावर कुणी वयस्कर माणूस सगळा भार टाकून बसलेलं असावं, तसं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे, असं वाटायला हवं हे त्याच्या लक्षात आलं. वडील गेल्यापासूनच्या दहा आठवड्यांत त्याचं वाटणं असंच झालं होतं. आधी लक्षात यायचं, आणि मग पुढे काही यायचंच नाही.

मग ताईने आईच्या हातून फोन घेतला, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआड बोलायला लागली. आईच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि डाव्यात त्याची सुरुवात. शस्त्रक्रियेच्या दोन तारखा हुकल्या होत्या. पहिल्या वेळी आईचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या वेळी ती पिशवी भरून, चपला घालून दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत खालीच बसली. रिक्षावाला दहा मिनिटं हॉर्न वाजवून निघून गेला. तिसरी तारीख उद्याची, सकाळी नऊची. गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली तेवढी राखता येते आणि तीही आत्ताच, असं डॉक्टरांनी ताईला तीनदा सांगितलं होतं, ताईने आईला तेरा वेळा. पालथ्या घड्यावर पाणी. "तू बोल तिच्याशी," ताई म्हणाली. "तुझं ऐकेल. शेवटच्या वेळी तू होतास त्यांच्याजवळ, मी कुठे होते?" तो म्हणाला, बघतो. नळ बंद झाला. त्याने दुसरा बूट चढवला, नाडी बांधली, गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि खाली उतरून काकाच्या गाडीची वाट बघत उभा राहिला.

काका त्याच्याच वयाचा होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच त्याचं टक्कल पडायला लागलं होतं आणि तेव्हापासून तो सगळ्यांचा काका झाला होता. पुढे त्याने त्या नावाला साजेसं पोटही वाढवलं. गाडीत पुढे त्याच्या शेजारी मास्तर होता, जो खरोखरच शाळेत शिकवायचा आणि खिशाला पेन लावल्याशिवाय डोंगरही चढायचा नाही. मागे दातवाली होती, तिचा दवाखाना होता. या चौघांत त्याचं नाव मीटर. नद्यांचं पाणी मोजण्याच्या खात्यात लागल्यापासून पडलेलं. तिघांनी संगनमताने त्याला बाहेर काढलं होतं, हे त्याला कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे त्यांना कळू नये म्हणून तो काचेवरच्या थेंबांकडे बघत होता. थेंब वाऱ्याने मागे सरकत, दुसऱ्या थेंबाला मिळाले की जड होऊन एकदम धावत सुटत. गाडीत मास्तरच्या मुख्याध्यापकांवर विनोद झाले, काकाच्या मायलेजवर झाले. कुणी चुकून 'वडील' म्हणालं की वाक्य वळण घेऊन भलतीकडेच जायचं. दातवालीने एकदाच, खिडकीकडे तोंड करून विचारलं, बरा आहेस ना. तो म्हणाला, बरा आहे. हे उत्तर त्याने पहिल्या आठवड्यात कुणालातरी दिलं होतं आणि तेव्हापासून तेच पुढे चालू होतं.

त्याचं काम म्हटलं तर सोपं होतं. एकेचाळीस ठिकाणी नदीच्या काठावर एकेक उभा पाइप होता, त्यात एक यंत्र, आणि ते यंत्र दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी सांगायचं. आकडे शहरातल्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पडद्यावर येऊन रांगेत उभे राहायचे. तो आणि शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला सगळे शेजारीणच म्हणत, दोघं मिळून त्या रांगांवर नजर ठेवत. यंत्रं मधूनच गप्प व्हायची. बॅटरी उतरायची, वीज पडायची, पाइपात गाळ जायचा. रांगेत रिकामी चौकट राहिली की वरच्या मजल्यावरून फोन यायचा. म्हणून नियम असा होता, की पुढचा खरा आकडा येईपर्यंत मागचाच आकडा पुढे ओढायचा आणि ती चौकट पिवळी करायची, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हे मोजलेलं नाही, भरलेलं आहे. पण एकदा साहेब पडद्यापाशी उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, पिवळं फार दिसतंय हो. बाकी काही म्हणाले नाहीत. त्या आठवड्यापासून त्याने पिवळं करणं सोडलं. कुणाचं काही अडलं नाही. शेजारीण नवी आली तेव्हा त्याने तिला सगळं शिकवलं, हेही शिकवलं. तिने विचारलं होतं, मग खरा कुठला आणि भरलेला कुठला, हे कसं ओळखायचं? तो म्हणाला होता, नदी कधी स्वस्थ बसत नाही. आकडा अगदीच शहाण्यासारखा एका जागी बसलेला दिसला की समजायचं. ती हसली होती. हुशार होती, लगेच शिकली.

पावणेनऊला गाडी दरीच्या तोंडाशी थांबली. पुढे फोनला रेंज नव्हती, म्हणून काकाने त्याला पाण्याची पातळी शेवटची बघून घ्यायला सांगितलं. खाली नदी होती, ती दगडांवरून ओलांडून पलीकडच्या काठाने दोन तास आत जायचं, धबधब्यापाशी जेवायचं, त्याच वाटेने परत. सगळा प्रश्न त्या दगडांचा. दीड मीटरच्या खाली पातळी असली की दगड उघडे राहतात, असं त्याच्या कागदांत लिहिलेलं होतं. त्याने फोनवर या नदीची रांग उघडली. एक पूर्णांक बेचाळीस. त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांनाही एक बेचाळीस. साडेपाचपासून एक बेचाळीस, एक बेचाळीस, एक बेचाळीस, सगळ्या चौकटी पांढऱ्याशुभ्र. समोरच्या डोंगरावर ढग इतका खाली बसला होता की डोंगर कमरेपासूनच सुरू झाल्यासारखा दिसत होता. त्या रांगेकडे बघताना त्याच्या मनात काहीतरी हललं. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी आणि परत झोपावं एवढंच. "स्थिर आहे," तो म्हणाला. काका म्हणाला, बघा, खात्यात माणूस असला की कसं बरं असतं. आणि चौघं उतरायला लागले.

पाणी दगडांच्या अगदी कडेला लागलं होतं. दोन ठिकाणी वरूनही वाहत होतं, पण ओलांडता आलं. पलीकडे, दगडांच्या थोडं वर, झुडपांत लोखंडी पाइप आणि त्याच्या शेजारी रंगवलेली उभी पट्टी दिसत होती. काकाने काठीने दाखवलं, तुझं यंत्र बघ, जाऊन नमस्कार करून ये. तो एकेचाळीसांपैकी एकाही ठिकाणी आजवर गेला नव्हता. चाळीस पावलं असतील. गवत कमरेएवढं होतं, बूट अजून आतून कोरडे होते. त्याने लांबूनच हात हलवला, सगळे हसले आणि वाट आत वळली.

वाट अरुंद होती, एकामागे एकच माणूस मावेल अशी, आणि त्यामुळे बोलणं आपोआप थांबलं. समोर दातवालीच्या पाठीवरची निळी पिशवी, तिच्यावरून ओघळणारं पाणी, शेवाळलेले दगड, पानांच्या टोकाला लटकून डोकं हलवणाऱ्या जळवा. नदी डाव्या हाताला, कधी दिसे, कधी नुसती ऐकू येई. तो पाय टाकत होता आणि पाय पडत होते. त्याला हॉस्पिटलच्या जिन्याच्या पायऱ्या आठवत होत्या. आठवत होत्या म्हणण्यापेक्षा पायाखालीच होत्या. चार मजले, प्रत्येक मजल्याला बावीस, लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. वडील पंधरा दिवस तिथे होते. त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ते झोपल्यासारखे दिसले म्हणून तो चहा प्यायला खाली उतरला. कँटीनमध्ये खिडकीजवळचं टेबल मिळालं. चहा आला, पावाचा तुकडा आला. त्याने फोन उघडला आणि कार्यालयातले आकडे बघत बसला. कुठल्यातरी नदीचं पाणी चढत होतं, दर पंधरा मिनिटांनी चार सेंटिमीटर, आणि पुढचा आकडा किती येतो हे बघावंसं त्याला वाटलं. तो आला. मग त्याच्या पुढचाही बघावासा वाटला. तीन आकडे बघून तो वर गेला तेव्हा तीन पंचावन्न झाले होते आणि खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. पडद्याखाली परिचारिकेचे पांढरे बूट दिसत होते. ती म्हणाली, तुम्ही इथे नव्हता का? मी हाक मारली होती. तिच्या विचारण्यात दोष देणं नव्हतं, तिला नुसतं तक्त्यावर लिहायचं होतं. आई चार वीसला आली, थर्मासमध्ये गरम दूध घेऊन. ती रडली नाही. थर्मास खाली ठेवायला तिला जागा सापडेना, तो हातात धरूनच तिने विचारलं, "काही बोलले का रे?" आणि तिच्या डोळ्यांत एक रिकामी चौकट होती. त्याला विचार करायला लागलाच नाही. तीस वर्षं रोज सकाळी कामावर निघताना वडील दारातून जे म्हणायचे, चपलेत पाय सरकवत, मागे न बघता, तेच त्याच्या तोंडून आलं. "हो. म्हणाले, घर सांभाळ म्हणावं." आईचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिने थर्मास खाटेवर ठेवला. त्या क्षणी हे किती बरं झालं असंच त्याला वाटलं होतं, आणि मग इतक्या कामांची रांग लागली की ते वाक्य कुठे जाऊन बसलं हे बघायला त्याला सवड झाली नाही. ते घरात जाऊन बसलं होतं. भेटायला येणारी माणसं यायची थांबली आणि मग ताईच्या लक्षात आलं, की आई फाटकापर्यंतसुद्धा जात नाही. दिवसातून चारदा कड्या तपासते. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून हाताने चाचपून तपासते.

धबधब्यापाशी त्यांनी उकडलेली अंडी खाल्ली, पाव खाल्ला, मास्तरने बिस्किटांचा खोका फोडला. धबधब्याचा आवाज एवढा होता की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे, आणि त्याला ते सोयीचं गेलं. पाणी पांढरं नव्हतं, चहासारखं होतं. हे त्याने बघितलं. वरच्या बाजूला कुठेतरी माती सुटलीय, असं एखाद्या पुस्तकातलं वाक्य मनात उमटलं आणि पुसलं गेलं. परतीची वाट त्यांनी भराभर कापली. एक वाजता ते नदीवर आले आणि दगड नव्हते. सकाळी जिथे दगडांची ओळ होती तिथे पाण्याला नुसता एक लांबट फुगवटा होता. काका म्हणाला, वाट चुकलो का आपण? मास्तर त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, मीटर, दीडच्या खाली होतं ना? तो म्हणाला, होतं. मास्तरला पोहता येत नव्हतं, पण त्याचा आकड्यांवर विश्वास होता. आयुष्यभर मुलांना तेच शिकवत आला होता. दगड हातभर खाली असणार, चाचपत जाऊ, असं म्हणून त्याने पहिल्यावर पाय ठेवला. ठेवला तोच पाय त्याच्या खालून निघून गेला. तो पडला असं दिसलंच नाही, तो आडवा होऊन सरकायला लागला, तोंड वर, पेन खिशालाच. काकाने झेप घेऊन त्याच्या पिशवीचा पट्टा धरला, दातवालीने काकाचा पट्टा धरला आणि दोघं मागे पडले. मास्तर गुडघ्यांवर काठावर आला. एक बूट गेला होता, गुडघा फुटला होता. या सगळ्याला अकरा सेकंद लागले. मीटरला हे माहीत होतं, कारण तो उभा राहून मोजत होता. हात शरीराच्या बाजूला होते, जसे नेहमी असतात.

 मास्तर खोकत होता. मग मीटर वळला आणि गवतातून त्या पाइपाकडे गेला. चाळीस नव्हती, सदतीस पावलं होती. उभ्या पट्टीवर पाणी दोन मीटर दहावर होतं. पाइपाच्या तोंडाशी गाळ, पानं आणि काटक्या यांचा गच्च बोळा बसला होता, बाटलीच्या बुचासारखा. आत जे पाणी अडकलं होतं ते पहाटे साडेपाचचं होतं. ते अजून एक बेचाळीसवरच असेल, किंवा यंत्र कधीच गप्प झालं असेल आणि तिसऱ्या मजल्यावर रविवारच्या पाळीला बसलेली शेजारीण त्याने शिकवल्याप्रमाणे मागचाच आकडा पुढे ओढत असेल, पांढऱ्या चौकटींत, सुवाच्य. दोन्हींतलं काय ते इथून कळायचा मार्ग नव्हता, आणि तिथेही कळायचा नाही, याची व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती. त्याने बोळा उपसला. हात कोपरापर्यंत गार पडले. परत येऊन तो तिघांच्या समोर उभा राहिला आणि जसं वर्गात उत्तर सांगतात तसं त्याने सगळं सांगितलं. नियम, साहेब, पिवळा रंग. आणि हे, की सकाळी रांग बघितली तेव्हाच तो आकडा मेलेला आहे हे आपल्याला दिसलं होतं. काका बराच वेळ टक्कल चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही नदी नाही बघितली, तुझं हस्ताक्षर बघितलं." आणि मास्तरच्या गुडघ्याला रुमाल बांधायला खाली बसला. मास्तर म्हणाला, जाऊ दे रे, बूट जुनाच होता. पण त्याचे दात वाजत होते आणि त्याने मीटरकडे बघितलं नाही.

थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका कपारीत ते दाटीवाटीने बसले. बसवेना म्हणून त्याने बिस्किटांचा खोका फाडला, मास्तरचं पेन मागितलं, आणि दर पंधरा मिनिटांनी पट्टीपाशी जाऊन आकडा बघून पुठ्ठ्यावर लिहायला लागला. दोन दहा. दोन आठ. दोन अकरा. दोन सात. दोन सात असं वाटलं, पण वाकून बघितलं तर दोन सहा होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः आकडा आणत होता. आकडा आणायला वाकावं लागे, लाटेचा वरचा आणि खालचा काठ बघून मधला धरावा लागे, आणि एवढं करूनही एका सेंटिमीटरची खात्री नसे. आठव्या खेपेला दातवाली त्याच्याबरोबर आली. ती पाण्याकडे बघत म्हणाली, की दात काढल्यावर ती लोकांना एकच गोष्ट बजावते, भूल उतरेपर्यंत काही चावू नका. तर लोक चावतात, आणि आपलाच गाल चावतात, आणि रक्त आल्यावर विचारतात हे कुणाचं. मग तिने विचारलं, "अजून कुठे कुठे भरलंयस असं?" तो पट्टीकडे बघत होता. एक चौऱ्याण्णव. त्याने ते लिहिलं, आणि मग तिला थर्मासपासून सगळं सांगितलं, ताईच्या सकाळच्या फोनपर्यंत आणि उद्याच्या नऊच्या तारखेपर्यंत.  शेवटी ती म्हणाली, आईंना खरं सांगितलंस तर त्या बाहेर पडतील? तो म्हणाला, माहीत नाही. आणि नाही सांगितलंस तर? तो म्हणाला, तर डोळा जाईल, तेवढं माहीत आहे. एक ब्याण्णव येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. आईला खरं सांगण्याची त्याला भीती वाटत होती का, हे तो आत तपासून बघत होता. भीती जिथे असायला हवी ती जागा सापडली. तिथे काहीच नव्हतं, पण जागा होती.

साडेपाचला पाणी एक एकोणपन्नासवर आलं. पुठ्ठ्यावर सतरा ओळी झाल्या होत्या, एकही मागच्यासारखी नव्हती. आणखी दोन खेपा वाट बघू असं तोच म्हणाला. एक एकेचाळीस झाल्यावर काका आधी गेला, मग त्याच्या आणि दातवालीच्या मधे मास्तर, एका पायाला पिशवी गुंडाळून. सर्वांत शेवटी तो. मधल्या दगडावर पाण्याने त्याच्या घोट्याला धरलं आणि सोडलं. गाडीपाशी पोचेपर्यंत सात वाजत आले होते. उजेड होता, पण आता तो कुठून येतोय हे सांगता आलं नसतं. घाट चढून गाडी वर आली तसे चौघांचेही फोन एकदम किणकिणायला लागले. काकाने गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन करायला खाली उतरला. मास्तरही लंगडत उतरला. तो गाडीतच बसून राहिला आणि त्याने आधी शेजारणीला फोन लावला. तिला म्हणाला, त्या नदीचे पहाटेपासूनचे आकडे काढून टाक. ती म्हणाली, मग तिथे काय टाकू? तो म्हणाला, काही नाही, रिकामं राहू दे. दुपारी एकनंतरचे माझ्याकडे आहेत, ते घे. वरून फोन आला तर? तर माझं नाव सांग. तिने ते लिहून घेतलं असावं, कारण पेनाचा आवाज आला. मग त्याने घरी लावला. फोन आईनेच उचलला, ताई एव्हाना आपल्या घरी गेलेली असणार. त्याने खुशाली विचारली नाही, कारण ती विचारली असती तर तिनेही विचारली असती आणि तो बरा आहे म्हणाला असता.

"आई, मी त्या वेळी तिथे नव्हतो."

"कुठे?"

"बाबांजवळ. खाली कँटीनमध्ये होतो. वर आलो तेव्हा सगळं झालं होतं. घर सांभाळ असं ते म्हणाले नाहीत. ते मी म्हटलं. ते काय म्हणाले, काही म्हणाले का, मला माहीत नाही."

पलीकडे फ्रिजची घरघर ऐकू येत होती. ती थांबली, तेव्हा आईचं घर किती शांत असतं ते ऐकू आलं. या शांततेत टाकण्यासारखी दहा-बारा वाक्यं त्याच्या तोंडाशी तयार होती, सगळी चांगली, सगळी कधी ना कधी कुणी ना कुणी म्हटलेली. तो काही बोलला नाही.

"किती वेळ होतास खाली?" आईने विचारलं.

दहा मिनिटं, असं जिभेवर आलं होतं. "पंचेचाळीस मिनिटं."

"पाऊण तास," ती म्हणाली. मग तिने ते परत म्हटलं, जसं अंधारात पायरी आहे का ते पायाने बघतात. "पाऊण तास एकटेच होते. सारखी तहान लागायची त्यांना." आणि बऱ्याच वेळाने, "पाणी कोणी दिलं असेल?"

"माहीत नाही."

ती फोन हातात घेऊनच उठली असावी. पावलं ऐकू आली, मग कडी. ती कडी तपासत होती की काढत होती, हे त्याला आवाजावरून ठरवता येईना. नंतर पावसाचा आवाज आला, उघड्यावरच्या पावसाचा, तिथेही पडत होता तर. आईचा आवाज थोडा लांबून आला. "ताईला सांग, नऊला पोचायचं तर आठला रिक्षा बोलवायला हवी. मला आता या घरात बसवायचं नाही." तो म्हणाला, मी येतो साडेसातला. "नको," ती म्हणाली. तिने ते सकाळच्याच आवाजात म्हटलं, अर्धा लिटर दूध कमी सांगावं तसं. "ताई आहे. तू नको येऊस." फोन बंद झाला.

त्याने ताईला लावला, आठची रिक्षा सांगितली. ताई रडायला लागली आणि म्हणाली, अशी काय जादू केलीस रे बाबा. तो म्हणाला, ती सांगेल तुला. फोन खिशात ठेवून त्याने मान मागे टेकली. काचेबाहेर काका आणि मास्तर पाठमोरे उभे होते, दोघांत एकच छत्री. दातवाली शेजारी होती. तिने ऐकलं नाही असं दाखवण्याइतकी ती लांब बसली नव्हती. तिची नजर खाली गेली आणि ती म्हणाली, तुझा पाय बघ. डावा मोजा घोट्यापासून टाचेपर्यंत लाल झाला होता, बुटात रक्त साचलं होतं. जळू केव्हाच पोट भरून पडून गेली होती. दातवालीने मोजा खाली केला, पोटरीवर जखमेचं एवढंसं तोंड दिसत होतं आणि त्यातून रक्त पाण्यासारखं येत होतं, न थांबता. जळू चावताना कळत नाही आणि सुटल्यावर रक्त लवकर गोठत नाही, दोन्ही तिच्याच लाळेने, हे त्याने कधीतरी परीक्षेत लिहिलं होतं. दातवालीने कापूस काढला, दाबून धरला आणि विचारलं, "दुखतंय?"

नाही, असं उत्तर तयारच होतं. दहा आठवडे तेच चालत आलं होतं.  कापूस हळूहळू भरत होता. बाहेर काकाने हॉर्नसारखा आवाज काढून मास्तरला हसवायचा प्रयत्न केला.

"थांब," तो म्हणाला. "बघून सांगतो."